कोकराच्या पाठीवरची इस्त्री

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप गटावर लेंटच्या सभांचं वेळापत्रक आलं. आमच्या घरची सभा तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला. खाली सूचना होती : यजमानांनी फक्त चहा आणि एकच पदार्थ ठेवावा, हे दिवस उपासाचे आहेत याचं भान असावं. ही सूचना दरवर्षी येते आणि दरवर्षी पहिल्याच घरी साबुदाणावडा, चिवडा आणि जिलबी असते. दुसऱ्या घराला मग त्याहून एक पदार्थ जास्त करावा लागतो. इस्टर येईपर्यंत बडनेऱ्याचा ख्रिस्ती माणूस उपास करून करून चांगला गुबगुबीत झालेला असतो.

लेंट म्हणजे इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आपली पापं आठवायची, देवापाशी कबूल करायची, क्षमा मागायची, आणि मागण्याआधी इतरांना क्षमा करायची, असा हा काळ. आता हे सगळं वऱ्हाडात फेब्रुवारी-मार्चमध्ये यावं, ही देवाची गंमत आहे. बाहेर मृगबहाराच्या संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या असतात आणि अख्ख्या रस्त्याला सालींचा वास येतो. ओट्याओट्यावर चिंचा फोडणं चालू असतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि पहिल्यांदा सुरू केला की मागच्या वर्षीच्या गवताची धूळ सगळ्या घराच्या तोंडावर फेकतो. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझ्या टेबलावर दहावीच्या पेपरांचे गठ्ठे असतात. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध एकामागून एक वाचताना स्वतःची पापं काही केल्या आठवत नाहीत. दुसऱ्यांची मात्र भराभर आठवतात.

आणि सभेत नेमकं तेच होतं. बायबलमधलं वचन वाचून झालं की मोकळी प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्यानं डोळे मिटून मोठ्यानं देवाशी बोलायचं. या वेळी पापांगीकार व्हावा अशी अपेक्षा असते. होतोही, फक्त तो बहुधा शेजारणीच्या पापाचा असतो. "हे दयाळू बापा, आमच्या एका बहिणीले क्षमा कर. तिचं नाव मी घेत नाई. निळ्या गेटवाली. सुनेसंगं नीट राहत जाय म्हना तिले." निळ्या गेटवाली तिथेच दुसऱ्या खुर्चीवर बसलेली असते. ती सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणते, आणि पुढच्या प्रार्थनेत जे लोक दुसऱ्याच्या गेटातून आत डोकावतात त्यांच्यासाठी प्रभूची दया मागते. मध्येच मालगाडी आली तर प्रार्थना करणारी बाई थांबते. बडनेऱ्यात मालगाडीपुढे कोणाचं चालत नाही. शेवटचा डबा गेला की ती बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. मधल्या वेळात सगळे डोळे मिटूनच असतात, पण स्वयंपाकघरातून काय तळल्याचा वास येतोय याचा अंदाज प्रत्येकाचा झालेला असतो.

हे मी हसून सांगते आहे खरी, पण मला हसण्याचा तसा अधिकार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या लेंटमध्ये त्या खोलीतलं सगळ्यांत खरं आणि सगळ्यांत लपवलेलं पाप माझं होतं. तेव्हा ते दोन वर्षांचं झालं होतं.

माझी रूथआत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, अचलपूरकडच्या एका दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती बडनेऱ्याला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली. आयुष्यभर टाके घातले, आता भरतकाम जमलंच पाहिजे, असं तिनं ठरवलं आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस देतात त्या, मेजासाठी एक पांढरं कापड भरायला घेतलं. सहा महिने लागले. चारी बाजूंना द्राक्षांचे घोस आणि मध्ये कोकरू. घोस छान होते. कोकराचं काहीतरी बिनसलं होतं. कान लांब झाले होते आणि शेपटी वर वळली होती. तेव्हाचे पाळकसाहेब ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फार जिवंत आहे." जिवंत होतं यात शंका नाही, ते आत्ता भुंकेल असं वाटत होतं. पण ते मेजावर अंथरलं आणि आत्या पहिल्या रविवारी त्याच्याकडे बघत बसली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून कोणी हसलं नाही. माझे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, त्याच वर्षी गेले होते. ते कापड तिनं त्यांच्या नावानं भरलं होतं.

आत्याच्या शेजारी त्या रविवारी सुशीलाबाई होत्या. चाळीस वर्षं त्या आत्याच्या शेजारीच होत्या. दोघी एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात होत्या, आणि बडनेऱ्यालाही एकीमागून दुसरी आली. तिसऱ्या बाकावर दोघी बसायच्या. गीतपुस्तक एकच, कारण आत्याचा चष्मा नेहमी घरी राहायचा. सुशीलाबाई ओळ वाचायच्या आणि आत्या अर्ध्या शब्दानं मागून गायची. सगळ्या मंडळीला त्या उशिराची इतकी सवय झाली होती की ती चाल तशीच आहे असं नव्या लोकांना वाटायचं. चर्चमधल्या कपाटाची किल्लीही सुशीलाबाईंकडे असे. मेजावरचं कापड, पेले, ताटल्या, सगळं त्या कपाटात.

पाच वर्षांपूर्वी झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे इस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी मी सुशीलाबाईंकडून किल्ली मागून घेतली. कापड धुतलेलं होतं, चुरगळलं होतं, म्हटलं घरी नेऊन आपण इस्त्री करू. चांगुलपणाच नडला. भर दुपारी मी कोकराच्या पाठीवर इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात लाईट गेली. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता. मी इस्त्री होती तशी आडवी सोडून आत गेले आणि परीक्षेच्या बैठकव्यवस्थेवर अर्धा तास बोलले. लाईट आली ते मला कळलं नाही. वास आला तेव्हा कळलं. कोकराच्या पाठीवर इस्त्रीचा तिकोना उठला होता, टोकासकट, तपकिरी, अगदी स्पष्ट. आमचे हे रेल्वेतून ड्यूटी संपवून आले, त्यांनी दारातच नाक वर केलं, कापड पाहिलं आणि म्हणाले, "आत्याले आजच सांग. नाई तं मी सांगतो." आत्याला ते माझ्याहून जास्त भितात. त्यामुळे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मीही नाही.

मी कापडाची घडी केली, डाग आत गेला. कपाटात ठेवलं. किल्ली परत दिली. उद्या उपासनेआधी लवकर जाऊन आत्याला बाजूला घेऊन सांगू, असं पक्कं ठरवलं. आणि रविवारी मी उशिरा उठले. मुद्दाम उठले की चुकून, याचं उत्तर मी अजूनही टाळते. चर्चमध्ये पोचले तेव्हा कापड उघडलं गेलं होतं आणि आत्या सगळ्यांसमोर सुशीलाबाईंना म्हणत होती, "चाळीस वर्ष मैत्रीन म्हनलं तुले. जाळलं तं जाळलं, पन लपवून ठेवलं?" सुशीलाबाई म्हणाल्या, "मी नाई जाळलं." एवढंच. किल्ली त्यांच्याकडे, कपाट त्यांचं, दुसरं कोणाच्या डोक्यात काय येणार. सुशीलाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गीतपुस्तक उघडलं आणि झावळी हलवत गायला लागले.

मला वाटलं, त्या आता बोलतील. त्याच दिवशी संध्याकाळी, नाही तर उद्या. किल्ली मी नेली होती हे त्यांना माहीत होतं, आमच्या ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला नव्हतं. पण त्या बोलल्या नाहीत. उठून डावीकडच्या सहाव्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथल्याच झाल्या. आत्या तिसऱ्या बाकावर एकटी राहिली. चष्मा अजूनही घरीच राहायचा, त्यामुळे तिला शब्द दिसायचे नाहीत आणि ती नुसती उभी राहायची. गाणी वेळेवर संपायला लागली.

खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्याकडे शिकवण अशी की मनात कोणाबद्दल राग असेल तर आधी समेट कर, मग प्रभूच्या मेजाशी ये. पुष्कळ लोक ही शिकवण ऐकतात आणि भाकर खातात. आत्या तशी नव्हती. "मनात राग हाय तं कशी घेऊ?" ती म्हणाली, आणि बसून राहिली. तिकडे सुशीलाबाईही बसून राहिल्या. दोन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सगळी मंडळी पुढे जायची आणि दोन म्हाताऱ्या दोन बाकांवर बसलेल्या असायच्या. रोजच्या प्रार्थनेतही, आम्ही जशी इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही जागा आली की आत्या गप्प व्हायची आणि पुढच्या वाक्याला परत सामील व्हायची. मी ते वाक्य स्पष्ट उच्चारात म्हणायचे. मराठीची शिक्षिका ना. आणि मेजाशी मी दर वेळी जायचे, गुडघे टेकायचे, भाकर घ्यायचे. जाळलेल्या पाठीवर कोणीतरी काळजीनं ताटली ठेवलेली असायची, डाग दिसू नये म्हणून. मला ताटलीच्या खालीही दिसायचा.

हे लिहिताना लाज वाटते. तेव्हाही वाटायची. पण लाज वाटणं आणि सांगणं यांत किती मोठं अंतर आहे, हे मला त्या दोन वर्षांत कळलं. लाज वाटून घ्यायला मी रोज तयार होते.

तीन वर्षांपूर्वी लेंट सुरू झालं तेव्हा आत्यानं जाहीर केलं की तिचा मुलगा इस्टरनंतरच्या सोमवारी तिला पुण्याला घेऊन जाणार. कायमची. गुडघे गेले होते, एकटीनं राहणं होत नव्हतं. आता पुढच्या वर्षी सांगू, असं म्हणायला पुढचं वर्षच राहिलं नव्हतं. ती रागासकट पुण्याला जाणार आणि तिथे एखाद्या अनोळखी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसून राहणार, हे मला दिसायला लागलं.

पहिल्याच सभेत सुशीलाबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या सुनंदेले बळ दे. कशाचं बळ पायजे थे तुले माईत हाय, अन् तिले माईत हाय." सुनंदा म्हणजे मी, आत्याची नंदा. माझ्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. दुसऱ्या सभेत पुन्हा, "सुनंदेले बळ दे." तिसऱ्या सभेनंतर माझ्या घरी संत्री यायला लागली. कोणी विचारायचं, "काय निघालं वं रिपोर्टमधे?" कोणी नुसताच हात दाबायचं आणि डोळे पुसायचं. निळ्या गेटवालीनं तर अमरावतीचा एक चांगला डॉक्टर सुचवला आणि माझ्या मिस्टरांना बाजूला घेऊन धीर दिला. आमच्या घरात तेव्हा इतकी संत्री झाली की मी त्यांच्या सालींचा मुरंबा केला. मी ठणठणीत होते. पण हे सांगितलं की लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे.

शेवटी मी शेजारच्या शोभाताईंना सगळं सांगितलं. त्यांचा भाजीचा मळा आहे, घरातले सगळे पहाटे मेथी-पालकाच्या जुड्या बांधून बाजारात जातात. आमच्या सभांना त्या चहापुरत्या येतात आणि आमेन आमच्यापेक्षा वेळेवर म्हणतात. वांगी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आत्याले सांगा ना. मले काहून सांगून राहिल्या? मी का तुमच्या चर्चची हाओ?"

"तुम्हाले सांगून पाहिलं, जमते का म्हणून."

"जमलं ना? आता तिकडे जमवा." मग एक किडकं वांगं बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "तुमच्यात बरं हाय बाप्पा. सांगितलं का मोकळं. पन सांगा तं लागते."

पाचव्या आठवड्यातली सभा आत्याच्याच घरी होती. मी ठरवलं, इथेच. सगळ्यांसमोर, प्रार्थनेत. स्वयंपाकघरात चार वेळा तालीम केली. त्या दिवशी आत्यानं पोह्यांचा चिवडा केला होता आणि कूलर पहिल्यांदा लावला होता, त्यामुळे गवताचा वास आणि लसणीचा वास एकत्र येत होता. पाळकसाहेब आता नवे होते, अकोल्याहून आलेले, तरुण आणि लवकर भरून येणारे. मोकळी प्रार्थना सुरू झाली. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभू, मेजावरचं ते कापड मी जाळलं. सुशीलाबाईंचा त्यात काही दोष नाही. दोष माझा आहे. त्यांना मोकळं कर आणि शिक्षा मला कर."

खोली हादरेल एवढं आमेन झालं. कोणीतरी हालेलूया म्हणालं. मी डोळे उघडले तर पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. "पाहिलंत?" ते म्हणाले, "दुसऱ्याचा दोष आपल्या शिरावर घेऊन प्रार्थना करणं! हीच ख्रिस्ताची वृत्ती."

"अहो नाही, साहेब," मी म्हणाले, "खरंच मीच जाळलं."

"पाहा, किती नम्र!" ते म्हणाले.

"माझ्या घरी, माझ्या इस्त्रीनं!"

निळ्या गेटवाली रडायलाच लागली. मी जितकं सांगत गेले तितकी पवित्र होत गेले. आमच्याकडे प्रार्थनेत सगळेच स्वतःला महापापी म्हणतात, धुळीहून हलके म्हणतात, आणि त्यानंतर चिवडा खातात. एखादीनं खरंच काही केलं असेल, ही शक्यताच कोणाच्या ध्यानात येत नाही. आत्या चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझ्यापुढे धरत म्हणाली, "भल्ली प्रार्थना केली वं. पन दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायची काई गरज नव्हती. जिचं तिनं पाहावं." माझे हे कोपऱ्यात बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सभा मंडळीची म्हणून आलेल्या सुशीलाबाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. दारात चप्पल घालताना त्या हळूच म्हणाल्या, "डोये मिटून सांगितलं ना, तं देवाले सांगितलं. देवाले तं पयलेच माईत होतं. आता डोये उघडून सांग."

पुढच्या रविवारी चर्चमधल्या संदेशात पाळकसाहेबांनी माझं उदाहरण दिलं. मी चौथ्या ओळीत बसून ते ऐकलं. सोमवारी अकोल्याहून महिला मेळाव्याच्या बाईंचा फोन आला की इस्टरनंतरच्या शनिवारी 'नम्रता' या विषयावर मी बोलावं, जाण्यायेण्याची सोय ते करतील. मी म्हणाले, मी त्या विषयावर बोलायला लायक नाही. पलीकडून उसासा ऐकू आला. "म्हणून तर तुम्हीच पाहिजे," त्या बाई म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि पेपरांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून हसले. मग रडले. मग परत हसले, कारण डोक्याखालच्या निबंधात कोणीतरी लिहिलं होतं की मला सगळेच ऋतू आवडतात.

प्रभुभोजनाच्या गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सकाळी, मी आत्याकडे गेले. ती बॅग भरत होती. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं आणि पलंगावर सगळ्या साड्या पसरल्या होत्या.

"आत्या, ते कापड मी जाळलं."

"झाली ना वं तुयी प्रार्थना मांगच्या हप्त्यात."

"प्रार्थना नाही करून राहिली. पाय माह्याकडे."

तिनं पाहिलं. आयुष्यभर रोग्यांकडे पाहिलेली बाई ती, ताप कोणाला खरा आणि कोणाला सुटीपुरता, हे तिला दारातूनच कळायचं. तिच्या हातातली साडी खाली गेली.

"कधी?"

"झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी. दुपारी."

"लाईट गेलती?"

"हो."

"इस्त्री उभी काहून नाई ठेवली?"

"फोन आला होता."

"कोनाचा?"

"शाळेतला."

"काय म्हनत होते?"

मी परीक्षेची बैठकव्यवस्थाही सांगितली. सगळं सांगितलं, किल्ली, घडी, उशिरा उठणं, झावळी हलवत गाणं. ती पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं, आता ती मला बोलेल आणि मी ऐकून घेईन, माझी तयारी आहे. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"मंग मी दोन वर्ष कोनावर राग धरला?" ती म्हणाली. आणि पुढे, "दोन वर्ष झाले, मी तिले माफ कराची तयारी करून राहिली होती. येईन, रडन, पाया पडन, मी तिले उठवीन, पोटाशी धरीन. सारं ठरवून ठेवलं होतं. कोनती साडी नेसाची थेही." तिनं पलंगावरच्या एका जांभळ्या साडीकडे बोट दाखवलं. "अन् आता मलेच माफी मागा लागते तिले! तू कापड जाळलं त्याचं जाऊ दे वं, पन हे काय करून ठेवलं तू?"

तिचा राग खरा होता आणि बरोबर होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबल्यामुळे मला उचकी लागली. "पानी पी," ती चिडून म्हणाली, "अन् चाल."

ती जांभळी साडी नेसली. भर अकराच्या उन्हात छत्री उघडून गुडघे धरत धरत माझ्यापुढे चालत राहिली, माझा हात तिनं घेतला नाही. सुशीलाबाईंचं घर रुळांच्या पलीकडे. त्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. आत्याला पाहून त्यांचा हात थांबला, बाकी काही हललं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा आत्या त्या ओट्यावर चढली, खाली बसली आणि म्हणाली, "पानी दे."

सुशीलाबाईंनी पाणी आणलं. आत्यानं सगळा तांब्या संपवला. मग तांब्याकडेच बघत म्हणाली, "म्या तुले इचारलं नाई."

"नाई इचारलं."

"इचाराले पायजे होतं."

"हो."

मालगाडी आली. लांब होती, कोळशाची. दोघी तिच्याकडे बघत बसल्या, शेवटचा डबा जाईपर्यंत. मी ओट्याखाली उभी होते, उन्हात, मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"तुले माईत होतं हिचं, तं बोलली काहून नाई?" आत्यानं विचारलं.

"कापड कोनंही जाळते," सुशीलाबाई म्हणाल्या. "त्याचं मले काई नाई वाटलं. तू मले न इचारता ठरवून टाकलं, थे लागलं. म्हनलं, हिनं चाळीस वर्षांत मले ओळखलं नसन तं मी काय सांगू. इचारशीन म्हनून थांबली." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अन् तुयासाठी दोन वर्ष बळ मागून राहिली. देवानं धाडलं, पन पॅसेंजरनं धाडलं."

आत्या रडायला लागली. मोठ्यानं नाही, नाक ओढत. सुशीलाबाईंनी आपला पदर चिंचेनं चिकट झाला आहे हे पाहिलं आणि आत्याच्याच जांभळ्या पदरानं तिचं तोंड पुसलं. माफ केलं, असं दोघींपैकी कोणी म्हणालं नाही. आमच्याकडे तसं म्हणायची पद्धतच नाही. सुशीलाबाई म्हणाल्या, "चहा ठेवू का?" आणि आत्या म्हणाली, "साखर कमी टाक, मांगच्या वेळी लय गोड केली होती." मागची वेळ दोन वर्षांपूर्वीची होती.

परत येताना मी म्हणाले, "आत्या, मला क्षमा कर." ती छत्रीतूनच म्हणाली, "थांब जरा. तुयावरचा राग मले आत्ता सुरू झाला." हेही बरोबरच होतं. दोन वर्षं मी वाट बघायला लावली होती, आता तिनं दोन तासांत मोकळं करावं हे मागण्याचा मला हक्क नव्हता.

संध्याकाळी सहाला चर्चमध्ये पंखे फिरत होते आणि गरम वारा इकडचा तिकडे करत होते. तिसऱ्या बाकावर आत्या आणि सुशीलाबाई शेजारी बसल्या होत्या, एका गीतपुस्तकावर वाकून. पहिलं गाणं लागलं आणि आत्याचा आवाज अर्ध्या शब्दानं मागून आला. सगळं चर्च मागे वळून पाहायला लागलं. मी सहाव्या बाकावर जाऊन बसले होते, डाव्या बाजूला, सुशीलाबाईंच्या जुन्या जागेवर. पापांगीकार झाला. मी तो हळू म्हटला, कारण पहिल्यांदाच त्यातला शब्द न् शब्द माझा होता. मग मेजाशी जायची वेळ झाली. बाकामागून बाक उठत गेलं. आमचा बाक उठला, माझे हे उठले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मी बसून राहिले. जिचं आपण वाईट केलं तिनं अजून क्षमा केलेली नाही, हे माहीत असताना पुढे जाणं मला जमलं नाही. आधी दोन वर्षं जमलं होतं.

दोघी हात धरून पुढे चालल्या होत्या, गुडघ्यांमुळे सगळ्यांत हळू. अर्ध्या वाटेत आत्या थांबली. तिनं मागे वळून सगळे बाक पाहत पाहत मला शोधलं. चर्चमध्ये तेव्हा इतकं शांत होतं की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, आणि पाळकसाहेब भाकरीची ताटली हातात घेऊन वाट बघत उभे होते.

"ऊठ वं नंदे," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "मी सोमवारी चालली. माफ कराले तितकाच टाइम हाय माह्यापाशी."